‘फेल् तेम्प् रेपारातिओ’ : एका नाणेलेखाचा विग्रह

इ. स. ३४८ च्या सुमारास कॉन्स्टान्स व दुसरा कॉन्स्टान्शियस या सम्राट-बंधूंनी काढलेल्या कांस्य नाण्यांवर ‘फेल् तेम्प् रेपारातिओ’ असा संक्षिप्त लेख आढळतो. हॅरल्ड मॅटिंग्ली यांनी १९३३ साली या मालिकेचा संबंध रोमच्या अकराशेव्या वर्षाशी जोडला. तेव्हापासून हा लेख म्हणजे साम्राज्याच्या नवोदयाची सरळ घोषणा होय, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो. हा सरळपणा कितपत ग्राह्य आहे, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

मुख्य अडचण व्याकरणाची आहे. ‘फेल्’ म्हणजे ‘फेलिक्स’ घेतल्यास ते ‘रेपारातिओ’चे विशेषण होते व ‘काळाची शुभ पुनःस्थापना’ असा अर्थ निघतो. ‘फेलिकिउम’ घेतल्यास ते काळाचे विशेषण ठरून ‘शुभ काळाची पुनःस्थापना’ असा अर्थ होतो. पहिल्या विग्रहात श्रेय वर्तमान राजवटीचे. दुसऱ्यात गौरव गतकाळाचा. केवळ संक्षेपावरून निर्णय करता येत नाही. मराठी अनुवादकाला मात्र निवड करावीच लागते. ‘शुभकालोद्धार’ यासारखा समास योजल्यास संदिग्धता टिकते, कारण त्याचेही दोन विग्रह संभवतात.

चित्रे निर्णय देतील म्हणावे, तर तीही एकमुखी नाहीत. फीनिक्स पक्षी रोमच्या चिरंतनत्वाचे प्रतीक होता, तसाच तो ख्रिस्ती लेखकांना पुनरुत्थानाचा दृष्टांत म्हणूनही मान्य होता. नौकेवरील सम्राटाच्या हाती ख्रिस्तचिन्हांकित ध्वज आहे. सुकाणू मात्र विजयदेवतेकडे आहे. अन्यत्र सैनिक भाल्याने अश्वारूढ शत्रूला लोळवितो. लेख एकच, चित्रे अनेक.

पुढे वजनही बोलू लागते. आरंभीचे मोठे नाणे सुमारे ५ ग्रॅमचे होते. ३५० नंतरच्या दशकात ते सुमारे २.५ ग्रॅमवर आले, आणि चित्रांपैकी लोळविलेला अश्वारूढच प्रामुख्याने उरला. शब्द तेच राहिले, परंतु ‘पुनःस्थापना’ आता जवळजवळ ‘शत्रुदमन’ या एकाच अर्थाने दाखविली जाऊ लागली.

म्हणून मॅटिंग्लींचा वर्धापनाचा तर्क उदयकाळापुरता विचारार्ह असला, तरी मालिकेच्या संपूर्ण आयुष्याचा अर्थ त्यातून लागत नाही. ही संदिग्धता टंकसाळीने हेतुपुरस्सर राखली, असे म्हणण्यास पुरावा नाही. तथापि तिच्यामुळे एकच नाणे ख्रिस्ती व अख्रिस्ती अशा दोन्ही प्रजाजनांच्या हाती निर्वेधपणे फिरू शकले असावे. अशा लेखाचा एकच विग्रह निश्चित करणे म्हणजे त्याची शक्तीच काढून घेणे होय.