टोलवाटोलवी : एका शब्दाची कैफियत

आमच्या उर्दू शाळेत मराठीच्या तासाला मी मुलांकडून वर्तमानपत्र वाचून घेतो. एकदा आठवीतल्या एका मुलाने पाणीटंचाईच्या बातमीतील 'टोलवाटोलवी' या शब्दावर बोट ठेवून विचारले, "सर, यानी टरख़ाना?" मी पटकन हो म्हणू शकलो नाही. उर्दू बोलीत टरख़ाना म्हणजे काहीबाही सांगून माणसाला वाटेला लावणे. मराठीत टरकणे म्हणजे घाबरणे. आणि टोलवाटोलवी या दोहोंहून वेगळी.

हा शब्द विटीदांडूच्या मैदानातला. दांडूने विटीला टोला हाणायचा, ती दूर जाऊन पडते. मारामारी, ढकलाढकली यांच्यासारखीच या शब्दाची घडण आहे. त्याला निदान दोन पक्ष लागतात. टाळाटाळ एकटा माणूसही करू शकतो. टोलवाटोलवीत एकाने टोलवले की दुसऱ्यानेही टोलवावे लागते. मधली विटी म्हणजे अर्ज घेऊन फिरणारा माणूस.

माझी तक्रार इथेच आहे. आपल्या पत्रकारितेने हा नेमका शब्द सैल करून टाकला. 'प्रशासनाची टोलवाटोलवी' असा मथळा येतो, पण खाली एकाच कार्यालयाचे नाव असते. दुसऱ्या टोकाला कोण उभे होते, अर्ज कोणत्या तारखेला कुठून कुठे गेला, हे बातमीत नसते. वाचक चुकचुकतो आणि पान उलटतो. ज्याने टोला मारला त्याला बातमीची झळ लागत नाही.

आमच्या वसई-विरारचेच उदाहरण घ्या. 2009 साली महापालिका झाली. गावांनी विरोध केला. 2011 साली शासनाने 29 गावे वगळण्याची अधिसूचना काढली. महापालिका उच्च न्यायालयात गेली, अधिसूचनेला स्थगिती मिळाली. 2024 साली शासनाने ती गावे महापालिकेतच ठेवण्याचा निर्णय घेतला. 'गावांच्या प्रश्नाची टोलवाटोलवी' एवढे लिहिले तर काहीच कळत नाही. सालांसह पक्ष मांडले की पंधरा वर्षांत विटी कुणी कुठे मारली ते दिसते. गावे महापालिकेत असावीत की नसावीत, हा वाद निराळा.

कायद्याने यासाठी दुसरा शब्द निवडला. सरकारी कामातील विलंब रोखणारा महाराष्ट्राचा 2005 चा अधिनियम लोकांत 'दफ्तर दिरंगाई कायदा' म्हणून ओळखला जातो. दफ्तर आणि दिरंग हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. मराठीने दिरंगला 'आई' जोडून आपलेसे केले. सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे हा कायदा म्हणतो. पण ही सात दिवसांची दिरंगाई एका टेबलावर मोजली जाते. सहाव्या दिवशी कागद पुढच्या टेबलाकडे टोलवला तर हा सात दिवसांचा नियम मोडत नाही, माणूस मात्र फिरत राहतो. म्हणजे बातमीदाराचा मैदानी शब्द कायद्याच्या शब्दापेक्षा खरा आहे. म्हणूनच तो जपून वापरला पाहिजे.

हे लिहिताना मला एक बाप आठवतो. मुलीच्या नावातील एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी तो फिरत होता. एका कार्यालयाने सांगितले, शाळेचे पत्र आणा. शाळेच्या खिडकीवर सांगितले गेले, आधी दाखला दुरुस्त करून आणा. त्या वेळी खिडकीच्या आत मीही बसलो होतो. नियम आमच्या बाजूने होता, टोला आमचाच होता. या प्रकरणाची बातमी आली असती आणि तीत फक्त त्या कार्यालयाचे नाव छापले असते, तर मी ती वर्गात बिनदिक्कत वाचून घेतली असती.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला उत्तर दिले, "टरख़ाना एकाचे काम. टोलवाटोलवी वाचलीस की विचार, दुसरा कोण?" बातमी लिहिणाऱ्यांनीही एवढेच विचारावे.