टाचणीची भोकं आणि कोरी प्रत

जुन्या रॉक पोस्टरांच्या बाजारात एक अजब न्याय चालतो. पोस्टर ज्या कामासाठी छापलं गेलं ते काम त्याने केलं असेल, म्हणजे ते खांबावर ठोकलं गेलं असेल किंवा दुकानाच्या काचेला चिकटवलं गेलं असेल, तर त्याची किंमत उतरते. जे गठ्ठ्यातून कधी बाहेरच आलं नाही, ते सर्वांत मोलाचं. कोपऱ्यात टाचणीचं भोक असेल तर विक्रेता ते वर्णनात नोंदवतो, आणि दोष म्हणून नोंदवतो. लिलावांच्या याद्या, संग्राहकांची मार्गदर्शकं आणि परवडतील तेवढे अस्सल कागद गेली काही वर्षं मी पाहतो आहे, आणि दर वेळी याच गोष्टीपाशी अडतो. संग्राहकांना ती इतकी उघड वाटते की ते तिच्याविषयी बोलत नाहीत. समीक्षक तिला बाजाराचा मामला म्हणून सोडून देतात. मला ती अर्थाशी संबंधित गोष्ट वाटते.

सॅन फ्रान्सिस्को शहराचंच उदाहरण घेऊ, कारण आज चालणाऱ्या या संग्रहाची बरीचशी परिभाषा तिथल्या पोस्टरांभोवती घडली. १९६६ मध्ये तिथे दोन नृत्यगृहांची चुरस होती. फिलमोर ऑडिटोरियममध्ये बिल ग्रॅहम कार्यक्रम लावत असे. अ‍ॅव्हलॉन बॉलरूम चेट हेल्म्स आणि त्याच्या ‘फॅमिली डॉग’ या संस्थेकडे होतं. दर आठवड्याला नवे बँड, म्हणून दर आठवड्याला नवं पोस्टर. साधारण १४ बाय २० इंचांचा कागद, ऑफसेट छपाई आणि आठवडाअखेर संपणारं आयुष्य. वेस विल्सन, व्हिक्टर मॉस्कोसो, रिक ग्रिफिन, स्टॅन्ली माउस आणि अ‍ॅल्टन केली ही पाच नावं या पोस्टरांशी कायमची जोडली गेली. विल्सन १९६७ मध्ये बाजूला झाल्यावर फिलमोरची बरीच पोस्टरं बॉनी मॅक्लीन या चित्रकर्तीने केली. तिची आठवण मात्र या पाच जणांनंतर काढली जाते.

ही पोस्टरं वाचायला अवघड होती, आणि ती मुद्दामच तशी केलेली होती. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रदर्शनांच्या पोस्टरांत अक्षरं ठोकळ्यांसारखी एकमेकांत बसवली होती. विल्सनने तोच ठोकळा घेतला आणि वितळवला. त्याची अक्षरं ज्वाळेसारखी वर चढतात, फुगतात, मिळेल ती जागा भरून टाकतात. मॉस्कोसो येल विद्यापीठात जोसेफ अल्बर्सकडे रंग शिकलेला. तो दोन विरोधी पण सारख्याच तेजाचे रंग असे शेजारी ठेवतो की त्यांच्यामधली कड डोळ्यांना थरथरताना दिसते. जाहिरात चालत्या माणसालाही वाचता यावी, हा धंद्याचा पहिला नियम. इथे चालता माणूस थांबला नाही तर त्याला काहीच कळू नये अशी योजना होती. जो थांबला, ज्याने डोळे बारीक करून बँडचं नाव लावलं, तोच त्या रात्रीचा श्रोता. म्हणजे या पोस्टरांचं वाचन रस्त्यात उभं राहून करायचं होतं. ती जागा आणि ते थांबणं चित्राच्या रचनेतच धरलेलं होतं.

मात्र रस्त्यावर ही पोस्टरं फार काळ टिकत नव्हती. ती लावता लावताच मागून लोक काढून नेत. फिलमोरमधून बाहेर पडणाऱ्या श्रोत्यांना तर ती फुकट वाटली जात. मागणी वाढली, तशी एकाच चित्राची पुन्हा छपाई होऊ लागली. या वेळी विकण्यासाठी, कार्यक्रम होऊन गेल्यावर. जुलै १९६७ मध्ये मूर गॅलरीत या पाचही चित्रकारांचं एकत्र प्रदर्शन भरलं. खांबापासून गॅलरीपर्यंतचा प्रवास दोन वर्षांच्या आत झाला. आजच्या संग्राहकापुढचा मुख्य प्रश्न इथूनच सुरू होतो: हातातली प्रत कार्यक्रमाआधीची की नंतरची?

या प्रश्नावर संग्राहकांनी केलेलं काम मला मनापासून आदरणीय वाटतं. कागदाची जाडी, कडेचं माप, छपाई कामगारांच्या युनियनचं चिन्ह, तळाशी असलेला क्रमांक, एखाद्या ओळीतला बारीक फरक, शाईची छटा या सगळ्यांवरून त्यांनी आवृत्त्यांचा क्रम लावला. एरिक किंग यांचं मार्गदर्शक याच काटेकोरपणासाठी ओळखलं जातं. पोथ्यांची पाठचिकित्सा करणारा अभ्यासक जसा लेखनिकाच्या चुकांवरून कोणती प्रत आधीची ते ठरवतो, तसंच हे काम आहे, आणि त्याचा मोठा भाग विद्यापीठांबाहेर, नादिष्ट म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसांनी केला. या नजरेचा फायदा समीक्षेलाही होतो. मूळ छपाईत रंगाची जागा सपाट, सलग शाईने भरलेली असते. चार रंगांच्या पुनर्मुद्रणात तीच जागा ठिपक्यांची बनते. नकली प्रत पकडण्यासाठी संग्राहक भिंगाखाली हे ठिपके शोधतो. पण मॉस्कोसोची थरथर पुस्तकातल्या चित्रात का उतरत नाही, याचं उत्तरही त्या ठिपक्यांतच आहे.

इथवर संग्राहक आणि इतिहासकार बरोबर चालतात. त्यांची वाट फुटते ती प्रतीच्या ‘स्थिती’पाशी. पहिली छपाई हवी, कारण ती घटनेच्या जवळची. आणि ती कोरी हवी, म्हणजे घटनेचा तिला स्पर्श झालेला नको. या दोन मागण्या एकमेकींना छेद देतात. बाजार मात्र त्या एका दमात करतो. मग दुरुस्ती करणारे कुशल कारागीर कागदाच्या लगद्याने भोकं बुजवतात, चिकटपट्टीचे डाग धुतात, घडी सपाट करतात. पोस्टर सुंदर होतं, यात शंका नाही. पण ते कुठे होतं, कुणी लावलं, कुणी ओरबाडून नेलं याची जी थोडीबहुत साक्ष कागदावर उरली होती, तीही पुसली जाते.

असा न्याय सगळीकडे चालत नाही, आणि याचं उदाहरण रॉकच्याच इतिहासातून आपल्या दारापर्यंत येतं. १९६७ च्या अखेरीस जिमी हेंड्रिक्सची ‘अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह’ ही तबकडी आली. तिच्या वेष्टनावर हेंड्रिक्स आणि त्याच्या साथीदारांचे चेहरे विष्णूच्या विराट रूपाच्या एका भारतीय छापील चित्रात बसवलेले आहेत. आपल्याकडे भिंतीवर खिळ्याला टांगलं जातं, त्याच जातीचं हे चित्र. या जातीच्या चित्रांची परंपरा ज्यांनी घरोघरी नेली त्यांत राजा रविवर्मांचा छापखाना महत्त्वाचा; १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला. त्या छापखान्याच्या चित्रांपैकी काही प्रतींवर घरच्या बायकांनी जर, टिकल्या, कापडाचे तुकडे लावून देवीला खरी साडी नेसवलेली असते. अशा प्रती आज संग्राहक मुद्दाम शोधतात. तिथे वापर हा डाग ठरत नाही, तो चित्राचा पुढचा अध्याय ठरतो. दोन्ही कागद यंत्रावर हजारोंनी छापलेले. एकाला लागलेला हात आपण जपतो आणि दुसऱ्याला लागलेला धुऊन टाकतो, यामागे कागदाचा गुण नाही, आपण ठरवलेला न्याय आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. टाचणीचं भोक म्हणजे १९६६ चा पुरावा नव्हे. कुणी ते पोस्टर १९८५ मध्ये आपल्या खोलीत लावलं असेल. खरं आहे. पण खांबावरच्या गंजलेल्या स्टेपलची खूण, काचेवरच्या चिकटपट्टीचा पट्टा आणि खोलीतल्या टाचणीचं भोक यांत फरक करता येतो का, हे पाहायला आधी त्या खुणा उरायला हव्यात. जाडी मोजणाऱ्या लोकांना हे काम अवघड नाही. त्यांनी ते हाती घेतलं नाही, कारण बाजाराने तो प्रश्न विचारलाच नाही.

छायाचित्रांच्या संग्रहात हाच गुंता पाठीमागे दडलेला असतो, आणि हे मी शब्दशः म्हणतो आहे. निगेटिव्हनंतर लवकरच काढलेल्या प्रतीला ‘व्हिंटेज प्रिंट’ म्हणतात आणि तिला नंतरच्या प्रतीपेक्षा जास्त भाव मिळतो. अशा वृत्तपत्रीय प्रतींच्या पाठीवर छायाचित्रकाराचा शिक्का, तारीख, चिकटवलेली ओळ, पेन्सिलीने लिहिलेलं माप असतं. कधी पुढच्या बाजूला चित्र कुठे कापायचं याच्या खुणा असतात. चौकटीत बसवलं की हे सगळं भिंतीकडे तोंड करून राहतं. शिवाय छायाचित्राचं आयुष्य नेहमी पहिल्या प्रतीतच असतं असं नाही. जिम मार्शलने १९६९ मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगात घेतलेलं, मधलं बोट दाखवणाऱ्या जॉनी कॅशचं छायाचित्र खऱ्या अर्थाने गाजलं ते १९९८ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकातल्या पानभर जाहिरातीमुळे. या चित्राचा इतिहास लिहायचा तर १९६९ च्या प्रतीइतकंच ते जाहिरातीचं पानही जपायला हवं.

कलावस्तू की दस्तऐवज, हा वाद एकदा अमेरिकेच्या न्यायालयातही गेला. ‘ग्रेटफुल डेड’ या बँडवरच्या ४८० पानांच्या पुस्तकात प्रकाशकाने पोस्टरं, तिकिटं अशा सात प्रतिमा परवानगीवाचून, अगदी लहान आकारात छापल्या. बिल ग्रॅहमच्या संग्रहाचे हक्क असलेल्या कंपनीने दावा लावला. २००६ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय प्रकाशकाच्या बाजूने दिला. मूळ पोस्टरांचा हेतू कलात्मक अभिव्यक्ती आणि प्रचार हा होता. पुस्तकात मात्र ती घडून गेलेल्या घटनांच्या ऐतिहासिक खुणा म्हणून येतात, असा त्यामागचा विचार होता. ही मांडणी मला अनेक प्रदर्शन-पुस्तिकांतल्या लेखनापेक्षा नेमकी वाटते. एकच कागद दोन गोष्टी असू शकतो, आणि कोणती ते आपण त्याला काय विचारतो यावर ठरतं.

माझ्याकडे अ‍ॅव्हलॉनचं एक छोटं हँडबिल आहे. त्याला चार भोकं आहेत आणि मागे पेन्सिलीने दोन नावं व एक वेळ लिहिली आहे. विक्रेत्याने त्यापायी किंमत निम्मी केली, म्हणून ते मला घेता आलं. ती दोन माणसं कोण होती हे शोधण्याचा माझा विचार नाही. पण दोघांनी कुठेतरी भेटायचं ठरवलं होतं आणि हा कागद त्यासाठी वापरला होता, एवढं त्यावरून निश्चित कळतं. कोऱ्या प्रतीवरून चित्रकाराने काय केलं ते कळतं. या प्रतीवरून शहराने त्याचं काय केलं तेही कळतं. संग्राहकांच्या पुढच्या मार्गदर्शकात जाडी आणि मापाच्या रकान्याशेजारी वापराच्या खुणांसाठी आणखी एक रकाना असावा, आणि त्यावर ‘दोष’ असं शीर्षक नसावं. भोकं बुजवण्याआधी निदान त्यांचं एक छायाचित्र तरी काढून ठेवावं.