'अस्तु' : शास्त्रीबुवांचे विस्मरण आणि चन्नम्माचे वार्धक्य

बीजशब्द : स्मृतिभ्रंश, सौम्य बोधात्मक ऱ्हास, शिक्षण, चित्रपटसमीक्षा

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित 'अस्तु' या चित्रपटाची चर्चा बहुधा एका विद्वानाच्या शोकांतिकेपुरती सीमित राहिली आहे. संस्कृतचे पंडित डॉ. चक्रपाणी शास्त्री (डॉ. मोहन आगाशे) स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. मुलगी इरा त्यांना मोटारीत बसवून खरेदीस जाते आणि ते हत्तीच्या मागे निघून जातात. माहुताची कन्नडभाषक पत्नी चन्नम्मा त्यांचा सांभाळ करते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना, तसेच संवादांसाठी भावे यांना ६१ वा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार लाभला, तो यथार्थच होय.

तथापि या मांडणीची एक मर्यादा नोंदविणे क्रमप्राप्त ठरते. शास्त्रीबुवांचे विसरणे हृदयद्रावक वाटते, कारण त्यांनी काय गमावले हे प्रेक्षकाला दिसते. ज्याच्या संग्रही ग्रंथच नव्हते, त्याचे विसरणे कोणाच्या ध्यानी येते? 'साठी बुद्धी नाठी' म्हणून समाज मोकळा होतो.

वैद्यकीय संशोधन येथे चित्रपटाच्या उलट दिशेने बोट दाखविते. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे १४ धोक्याचे घटक नमूद असून, ते दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल, असे म्हटले आहे. त्यांत मधुमेह, उच्च रक्तदाब, बहिरेपणा, एकाकीपणा, हवेचे प्रदूषण आहेतच. पण आयुष्याच्या आरंभीचा घटक आहे अपुरे शिक्षण. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवर आधारित अभ्यासानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असून स्त्रियांत व ग्रामीण भागात त्याचे प्रमाण अधिक आढळते. म्हणजे धोका अधिक आहे तो चन्नम्माला! चित्रपट मात्र तिला केवळ वात्सल्याची मूर्ती करून ठेवतो.

दिग्दर्शकद्वयाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, दीर्घ विद्याभ्यासाने साठलेली बौद्धिक पुंजी ऱ्हास बराच काळ झाकून ठेवते. शास्त्रीबुवांच्या तोंडी अखेरपर्यंत येणारी संस्कृत वचने या दृष्टीने सूचक आहेत.

सावेडीसारख्या नोकरदार व निवृत्तांच्या उपनगरात शास्त्रीबुवा ओळखीचे वाटतील. त्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला कुटुंबे जातात. फडावर आईबरोबर गेलेल्या मुलीची शाळा सुटते आणि साठ वर्षांनंतरच्या ऱ्हासाचा एक घटक तेथेच पेरला जातो. सौम्य बोधात्मक ऱ्हासात दैनंदिन व्यवहार बहुतांशी सुरळीत चालतात, म्हणून तो चाचणीविना सहसा उमगत नाही. आणि प्रचलित चाचण्या प्रायः साक्षरांसाठी रचलेल्या. निरक्षरांना लागू पडेल अशी हिंदी चाचणी बल्लभगडच्या अभ्यासात १९९० च्या दशकातच तयार झाली होती, हे येथे लक्षात घ्यावे. तोडणी करणाऱ्या वृद्धेची परीक्षा कागदावर नव्हे, उचलीच्या हिशेबात होते. तो हिशेब चुकू लागला, तर घोळ मुकादमाचा की स्मृतीचा, हे तपासणारे तिच्याजवळ कोणी नसते.