रेषा कुणी ओढायची? ग्रेशम मेचन यांच्या पुस्तकाविषयी

ऑर्थोडॉक्स प्रेस्बिटेरियन चर्च हा अमेरिकेतला एक छोटा, कर्मठ पंथ. ११ जून १९३६ रोजी फिलाडेल्फियात तो स्थापन झाला. त्याची वैचारिक मुळं शोधायची तर आपल्याला मेचन यांच्या १९२३ सालच्या ‘ख्रिश्चॅनिटी अँड लिबरलिझम’कडे जावं लागतं.

मेचन यांचं म्हणणं असं: येशूचा कुमारीपासून जन्म, चमत्कार, देहासह पुनरुत्थान या गोष्टी निव्वळ रूपकं मानणारा उदारमतवाद ही ख्रिस्ती धर्माची सुधारलेली आवृत्ती नव्हे, तो वेगळाच धर्म आहे. प्रेस्बिटेरियन पाळक दीक्षेच्या वेळी सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार स्वीकारतो. मनातून तो सुटला असेल, तर त्यानं व्यासपीठही सोडावं. आता आपण श्रद्धाळू असू वा नसू, ही मागणी प्रामाणिकपणाची आहे. मेचनना नुसतं ‘संकुचित’ म्हणून तिचं उत्तर होत नाही.

पुढचा इतिहास आपल्यापासून फार दूरचा नाही. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल उभारणारं मिशन याच मूळ अमेरिकन चर्चचं. १९३२ मध्ये हार्वर्डचे तत्त्वज्ञ हॉकिंग (आपल्या तत्त्वज्ञानवाल्यांना हे नाव ठाऊक असेलच) यांच्या समितीचा अहवाल आला: मिशनऱ्यांनी इतर धर्मांबरोबर सत्याचा शोध घ्यावा. चर्चचं मिशन मंडळ याला ठाम विरोध करत नाही, म्हणून मेचननी १९३३ मध्ये स्वतंत्र मंडळ काढलं. ते सोडण्याचा आदेश मोडल्याबद्दल त्यांच्यावर खटला चालला, आणि तिथे त्यांना सिद्धांताचा मुद्दा मांडूच दिला नाही! शिस्तभंग, बस्स. हा अन्यायच होता, असं आम्हाला वाटतं.

पण पुस्तकातली फट इथेच दिसते. ख्रिस्ताच्या सहस्रवर्षीय राज्याविषयीचे मतभेद मेचन घरातले मानतात. रोमन कॅथलिकांशी असलेली दरी खोल असूनही उदारमतवाद्यांशी असलेल्या दरीहून कमी मानतात. ठीक आहे. पण घरातलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, हे ठरवायचं कुणी? पुस्तकात ते काम शेवटी लेखकाच्या स्वतःच्या विवेकावरच येतं. १ जानेवारी १९३७ ला मेचन वारले आणि त्याच वर्षी कार्ल मॅकिंटायर यांचा गट फुटला. वाद होता तोच, सहस्रवर्षीय राज्याचा, आणि सोबत दारूचा. संपूर्ण दारूत्यागाची शिफारस करायला मात्र राहिलेल्यांनी नकार दिला. सरकारी दारूबंदीला विरोध करणाऱ्या मेचनना ते पटलं असतं.