‘पत्री सरकार’ : एक नामचिकित्सा

१९४३ ते १९४६ या काळांत सातारा जिल्ह्यांत नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं चाललेल्या लोकसत्तेस ‘पत्री सरकार’ म्हणण्याचा प्रघात आम्हांस मान्य नाहीं. मूळ शब्द ‘प्रति’. हा उपसर्ग विरोध व समतुल्यता असे दोन्ही अर्थ देतो. विरोध तर १९३० सालीं आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत पुसद येथेंही झाला; लोकनायक अणे यांनीं जंगलचा कायदा मोडला, परंतु निराळें न्यायासन मांडलें नाहीं. सातारकरांनीं तें मांडलें. न्यायदान मंडळें, तुफान सेना, अल्पखर्चाचे गांधी-विवाह हें सर्व ‘पत्री’ म्हणतांच लोपतें आणि पायांस पत्रे ठोकल्याची वदंता तेवढी उरते.

यास ‘समाजवादी राज्य’ म्हणणारेही घाई करितात. तबरीझचें लोकसरकार रशियन फौजेच्या छायेंत १९४५ च्या अखेरीस उभें राहिलें, त्यानें जमिनी वांटल्या, आणि फौज परतल्यावर १९४६ च्या डिसेंबरांत तें कोसळलें. सातारच्या सत्तेस परकी आधार नव्हता. मुंबईस १९४६ सालीं काँग्रेसचें मंत्रिमंडळ आल्यावर तिनें आवरतें घेतलें. जमिनीची सरसकट फेरवांटणी मात्र तिनें केली नाहीं.

गोतसभांचे महजर जिवापाड जपणाऱ्या संग्राहकांनीं या मंडळांचा कागदही त्याच दप्तरांत बांधावा. वादी कोण, सावकार कोण, गहाण जमीन कोणाकडे परतली, हें वाचून मग विशेषण लावावें.