खांबावरची रोषणाई आणि पायाखालचा रस्ता

आजचा विषय वरवर पाहता रूक्ष आहे. स्टेशनबाहेरचा रस्ता सुधारायला सार्वजनिक पैसा येतो, त्याचं नेमकं होतं काय? अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या आपल्या उपनगरांत गावाला असते तशी मध्यवर्ती पेठ नाही. स्टेशन हीच आपली पेठ. भाजी, रिक्षा, बँक, क्लास सगळं तिथेच. त्यामुळे तिथला खर्च तपासणं म्हणजे आपलं रोजचं जगणं तपासणं.

सुरुवात स्कायवॉकपासून करू. २००८ साली वांद्रे पूर्वेला एमएमआरडीएने पहिला स्कायवॉक उघडला आणि मग घाटकोपर, बोरिवलीसह ठिकठिकाणी ते उभे राहिले. कल्पना वाईट नव्हती. स्टेशनबाहेरची गर्दी खरीच होती. पण तिच्या मुळाशी एक गृहीतक होतं. खालचा रस्ता गाड्यांचा आहे, चालणाऱ्याने वर जावं! आता बघा, आपलं दुकान खाली, रिक्षा खाली, बसथांबा खाली. हातात भाजीची पिशवी घेऊन, गुडघे दुखत असताना जिना कोण चढणार? लोक खालूनच चालत राहिले. वांद्र्याचा तो पहिला स्कायवॉक २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि पुढे पाडावा लागला. पुलाला निदान पन्नास वर्षं आयुष्य असावं अशी आपली अपेक्षा असते. हा अकरा वर्षांत बंद पडला.

दुसरं उदाहरण ताजं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई सौंदर्यीकरण प्रकल्प सुरू झाला. खर्चाचा आकडा सुमारे १,७०० कोटी. त्यात रस्ते आणि पदपथ होते, हे मान्य करायला हवं. पण डोळ्यांत भरली ती रोषणाई: खांबांना गुंडाळलेले दिवे, पुलांखालची रंगरंगोटी. रोषणाई आणि उजेड यांत फरक आहे, बरं का. रोषणाई गाडीतून छान दिसते. उजेड पदपथावर पडतो, आणि रात्री साडेदहाला लोकलमधून उतरून घरी चालत जाणाऱ्या बाईला तो हवा असतो. दोन्हींचा खर्च सुशोभीकरण याच नावाखाली दाखवता येतो, म्हणून कामाचं नाव वाचून थांबू नका.

कोणी म्हणेल, शहर सुंदर दिसायला नको का? हवंच की! पण क्रम असतो. ३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा कोसळलेला भाग पदपथाचाच होता. तो पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याच्या पातळीला जुळत नव्हता. तो जोडायला जुलै उजाडला. नवं बांधायला उद्‌घाटनाची तारीख असते. देखभालीला फीत कापायला कोणी येत नाही. आपल्या खर्चाचं खरं दुखणं इथे आहे.

आणि ठरवतं कोण? ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या. पण मुंबईत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकाचा कारभार होता. सौंदर्यीकरणाचा प्रकल्प याच काळातला. म्हणजे खर्च झाला, पण सभागृहात उभं राहून 'हे काम आधी का?' असं विचारणारं कोणी नव्हतं. फेरीवाल्यांचंही तसंच. २०१४ च्या कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असायला हवेत. रस्ता आखताना त्यांना विचारलं नाही, तर कारवाईची गाडी गेल्यावर ते तिथेच परत बसतात. कारण गिऱ्हाईक तिथेच आहे. ते गिऱ्हाईक आपणच ना?

तेव्हा आपल्या प्रभागात पुढचं काम निघेल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. या रस्त्यावर चालणारे किती आणि त्यांच्या वाट्याला किती फूट आले? पाच वर्षांनी याची देखभाल कोण करणार, आणि त्यासाठी तरतूद कुठे आहे? ठरवताना कोणाला बोलावलं होतं? उत्तर लेखी मागा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. एवढ्या कोटींच्या हिशेबात दहा रुपये काही जास्त नाहीत.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.