रिकामे आसन

संग्राहकाचे मोठेपण त्याच्या कपाटातील नगांच्या संख्येवरून नव्हे, तर त्या नगांकडून तो काय वदवून घेतो यावरून ठरावे, असे आमचे मत आहे. रूप पालटणाऱ्या जुन्या जपानी यंत्रमानव-खेळण्यांच्या व त्यांच्या अमेरिकन भावंडांच्या संग्रहाचा आज जो बोलबाला आहे, त्यास हीच कसोटी लावावयास हवी.

या खेळण्यांची वंशावळ मनोरंजक आहे. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली ‘जी. आय. जो’ हा सैनिक-बाहुला बाजारात आणला. जपानच्या ताकारा कंपनीने त्याच्याच देहरचनेचा आधार घेऊन १९७२ मध्ये पारदर्शक अंगाचा ‘हेनशिन सायबॉर्ग’ घडविला. त्याचा धाकटा वंशज १९७४ चा ‘मायक्रोमॅन’, आणि त्याच शाखेतून १९८० साली ‘डायाक्लोन’ निघाला. शोजी कावामोरी यांच्यासारख्या आरेखकांचा हात लागून त्यातील मोटारी उलगडून यंत्रमानव होऊ लागल्या. १९८४ मध्ये हॅस्ब्रोने हाच माल परवान्याने घेऊन ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने विकला. परदेशी गेलेला शिपाई यंत्र होऊन स्वदेशी परतला!

मात्र या प्रवासात अर्थ पालटला. डायाक्लोनचा यंत्रमानव हे एक वाहनच होते. पायांत लोहचुंबक असलेला इंचभर उंचीचा चालक त्यात बसे. अमेरिकेत हा चालक गळाला. मार्व्हल या चित्रकथा-संस्थेतील बॉब बुडियान्स्की प्रभृतींनी यंत्रांनाच नावे व स्वभाव दिले. ‘बॅटल कॉन्व्हॉय’चा ‘ऑप्टिमस प्राइम’ झाला. दसऱ्यास वाहनाला हार घालणाऱ्या आम्हांस सजीव यंत्राची ही कल्पना परकी वाटत नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावरील आमच्या मानपुरात तर मुळीच नाही. ती केवळ विक्रीची युक्ती नव्हे, ती खरी कल्पकता होती. तरीही अनेक नगांत चालकाचे आसन तसेच राहून गेले. कराराने नाव बदलते, साचा बदलत नाही. ते रिकामे आसन हाच मूळ कर्त्यांच्या बाजूचा बोलका पुरावा होय.

आता बाजार सर्वाधिक किंमत कशास देतो? न उघडलेल्या खोक्यास! ज्या वस्तूचा प्राणच रूपांतरात आहे तिला कधीही न उलगडण्याची प्रतिष्ठा मिळावी, हा विपर्यास आहे. खोके जपणे गैर नव्हे. त्यावरील चित्रे व मजकूर हाही इतिहासच. परंतु खोके उघडल्यावाचून ते आसन दिसत नाही, आणि ते न पाहणारा संग्राहक दस्तऐवज न वाचता त्यावरील मोहोर पूजितो.

हा प्रश्न केवळ टोकियो-न्यूयॉर्कचा नाही. १९८७ साली स्थापन झालेल्या, खेळणी बनविणाऱ्या फनस्कूल कंपनीच्या गोव्यातील कारखान्यात हॅस्ब्रोच्या परवान्याने तोच ‘जी. आय. जो’ तयार झाला. त्याचे रंग अमेरिकन नगांहून पुष्कळदा निराळे असत, आणि नेमक्या त्या निराळेपणासाठी परदेशी संग्राहक आज ते शोधीत असतात. त्या रंगांची किंमत त्यांनी केली. ते रंग देणाऱ्या हातांची नोंद करणे हे गोमंतकीय व मराठी संग्राहकांचे काम आहे. ते हात, त्यांच्या आठवणी अद्याप आपल्या शेजारी आहेत. ती साक्ष वेळीच नोंदविली नाही, तर आपल्याही खेळण्यांत एक आसन रिकामे राहील, आणि तेथे कोण बसले होते हे सांगणारा कोणी उरणार नाही.